मानेमागचा आरसा

केस कापून झाल्यावर मामांनी कुलूपवाल्याच्या मानेमागे आरसा धरला, पण जरा तिरका, आणि ऐटीत विचारलं, "कसं काय?"

कुलूपवाल्याला समोरच्या आरशात बाजूच्या भिंतीवरचं कॅलेंडर छान दिसलं. स्वतःच्या डोक्याची मागची बाजू मात्र कुठेच दिसेना.

"फक्कड!" तो म्हणाला. "हात म्हणजे हात आहे तुमचा, मामा."

दुकानाबाहेर पडताच त्याने टोपी चढवली. घरी बायकोने ती उतरवली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, शेळीनं चरल्यासारखं झालंय! सांगा ना एकदा त्यांना."

"काय सांगू? 'मामा, तुम्हाला दिसत नाही' म्हणून?"

मामांच्या डोळ्यांपुढे डॉक्टरांनीही हात टेकले होते. त्यांच्या सुनेने हे कुलूपवाल्याला दाराआड सांगितलं होतं, "फक्त तुम्हालाच," असं म्हणून आणि वर शपथ घालून. वस्तरा मामांनी आपणहून बंद केला होता, कंबर दुखते या सबबीवर. पण कात्रीही गेली असती तर हा माणूस घरात बसून खचला असता. कुलूपवाल्याला त्याची धास्ती वाटायची. उभ्या आयुष्यात त्याला मामांइतकं जिवाभावाचं कोणी मिळालं नव्हतं. म्हणून तो दर वेळी गुपचूप बसने गावाच्या दुसऱ्या टोकाला जाई आणि तिथल्या नव्या सलूनमध्ये डोकं दुरुस्त करून घेई.

त्या दिवशी तो खुर्चीत बसतो न बसतो तोच शेजारच्या खुर्चीतलं डोकं वळलं. मामांच्याच शेजारच्या दुकानातला शिंपी!

"तू इथे?" शिंप्याने दचकून विचारलं.

"मी... कुलूप बसवायला आलोय. आणि तू?"

"कात्रीला धार लावायला."

"गळ्याला चादर बांधून?"

मग शिंपी हळूच म्हणाला, "सुनेने सांगितलं का?"

"फक्त मलाच, म्हणाली."

"मलाही तेच म्हणाली! बिचाऱ्याला काडीची कल्पना नाही रे. आपण सांभाळून घेतोय म्हणून चाललंय."

"मी कुणाचं कुणाला सांगत नसतो बरं का," सलूनवाला घाईघाईने म्हणाला आणि उगाचच कंगवा आपटू लागला.

तेवढ्यात पलीकडच्या खुर्चीत, दाढी होऊन गरम टॉवेलखाली पडलेलं कोणीतरी खोकलं. तो खोकला दोघांनीही जन्मभर ऐकला होता.

कुलूपवाल्याने कशीबशी टोपी घातली. शिंपी चादरीसकट दारापर्यंत पोचला होता.

पुढचे कित्येक दिवस कुलूपवाला मामांच्या दुकानावरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जायचा. शेवटी केस कानांवर आले, तेव्हा तो मन घट्ट करून आत शिरला. मामांनी नेहमीसारखी चादर झटकली, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, बोटांनी चाचपत चार ठिकाणी कात्री चालवली आणि थांबले.

"झालं?"

"झालं. मागचं जरा राखलंय या वेळी." मामांनी त्याच्या खांद्यावरचे केस झटकले. "त्या सलूनवाल्या पोराच्याही हाताला काही लागायला नको?"

मामांनी मानेमागे आरसा धरला, तसाच तिरका.

"कसं काय?"

त्याने कॅलेंडरकडे नीट बघून घेतलं.

"फक्कड," तो म्हणाला, आणि टोपी खिशातच ठेवून बाहेर पडला.