अर्धलीची चौकट

सोमेश्वर सरांनी ऋतुजाचा आराखडा दोनदा परत केला होता. तिसऱ्यांदा परत आला की वर्ष वाया, हेही त्यांनी अगदी गोड आवाजात सांगून ठेवलं होतं. सर पाटोद्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत, आणि प्रोग्रामपेक्षा त्याच्या क्लास डायग्रामवरच त्यांचा जीव. एकेका गोष्टीची एक चौकट: वर नाव, मध्ये तिची माहिती, खाली तिची कामं. कुणाचं कुणाशी काय नातं, ते चौकटींमधल्या रेघा सांगणार. रेघ चुकली की सरांचं लाल पेन बाहेर आलंच म्हणून समजा.

ऋतुजानं विषय घेतला होता शेळ्यांचा. 'प्राणी' ही मोठी चौकट, तिच्या पोटी 'शेळी' आणि 'मेंढी', शेजारी 'मालक'. मालकाच्या शेळ्या कितीही, पण शेळीचा मालक एकच. ही रेघ तिनं पट्टी लावून ओढली होती. घरचीच माहिती, चुकतेय कशाला? तिचे वडील धुळाजी चकलांब्याला कळप राखायचे. ती सहा वर्षांची असताना त्यांनी तिला शाळेसाठी पाटोद्याला आपल्या थोरल्या बहिणीकडं, ताराबाईकडं आणून सोडलं, आणि परत नेणं राहूनच गेलं. ताराबाईच्या दारातही शेळ्या होत्या. ऋतुजा चौकटी काढत बसली की आत्या डोकवायची, काहीतरी सांगू बघायची.

"आत्या, मधी बोलू नको गं. तुला न्हाई कळायचं."

ताराबाई गप्प व्हायची. ती गप्प झाली की आपण सावध व्हावं, एवढं शहाणपण कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत.

परीक्षेच्या दिवशी सरांनी फर्मान काढलं: प्रोग्राम ज्यांच्यासाठी केला त्यांनीच तो चालवून दाखवायचा. धुळाजी सकाळच्या एसटीनं आले. ताराबाई ठेवणीतलं पातळ नेसून आली. धुळाजींनी एका बोटानं मोबाइलवर आपल्या शेळ्या भरल्या. शेवटची हरणी, तिच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. मग ताराबाईनं आपल्या शेळ्या भरल्या आणि शेवटी, अगदी सावकाश, तोच नंबर दाबला.

पडदा लाल झाला. 'ही शेळी दुसऱ्या मालकाची आहे.'

"दुसऱ्याची कावून? माझी हाय," ताराबाई म्हणाली.

"अक्का, हरणी माझी हाय की," धुळाजी म्हणाले.

"बांधलीया कुणाच्या दारात?"

"पर आणून कुणी दिलती?"

सरांचा हात खिशातल्या पेनाकडं गेला. "ऋतुजा, शेळी नक्की कुणाची?"

ऋतुजानं मनात म्हटलं, गेलं वर्ष! तिनं रागानं आत्याकडं पाहिलं, तर आत्या पदराआड गालातल्या गालात हसत होती. तेव्हा कुठं पोरीची ट्यूब पेटली. हरणी अर्धलीनं दिलेली होती! शेळी एकाची, सांभाळणार दुसरा, आणि होणारी करडं निम्मी निम्मी. लहानपणापासून हे तिच्या डोळ्यांदेखत चाललेलं, म्हणून कागदावर घ्यावं असं तिच्या मनातही आलं नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"दोघांची, सर," ती म्हणाली आणि न विचारता खडू उचलला. परीक्षेसाठी फळ्यावर उतरवलेल्या आराखड्यातली ती एका मालकाची रेघ तिनं तळहातानंच पुसली आणि मधोमध नवी चौकट काढली: 'अर्धल'. तिच्या आत लिहिलं: मालक कोण, सांभाळणारं कोण, दिल्याची तारीख. खाली काम: करडं वाटणे.

सरांनी नव्या चौकटीवर बोट ठेवलं. "आणि करडू एकच झालं तर?"

"पहिल्या वेताचं मालकाचं, दुसऱ्याचं सांभाळणारीचं," ताराबाईनं परस्पर उत्तर दिलं. "लिव्ह गं तेबी."

"परत नेल्याची तारीख राहिली," सर म्हणाले.

"घालते, सर."

"घाला. पास." त्यांनी पेन तसंच खिशात राहू दिलं.

बाहेर आल्यावर ऋतुजा आत्यावर उखडलीच. "तुला म्हाईत व्हतं! आधी कावून न्हाई सांगितलंस?"

"सांगत व्हते की. तूच म्हणलीस, मला न्हाई कळायचं."

"आन् नापास झाले असते तर?"

"आमच्या हातची हायेस तू. कशी व्हशील नापास?"

तिकडं धुळाजी फोनवर चकलांब्याला ओरडून सांगत होते, "माझी पोरगी पास झाली!" ताराबाई तरातरा गेली आणि फोनमध्ये तोंड घालून म्हणाली, "निम्मी माझी हाय. अर्धलीनं दिलीया."

धुळाजींनी फोन ठेवला आणि मिशीत हसले. "करडू एकच हाय, अक्का. पहिल्या वेताचं मालकाचं. आत्ताच तू सरांना सांगितलंस."

ताराबाईचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला ती उगीच पदर नीट करू लागली. ऋतुजाला ते बघवलं नाही. तिनं पुढं होऊन आत्याच्या हातातली पिशवी आपल्या खांद्याला लावली.

"अण्णा," ती वडिलांना म्हणाली, "परत न्यायची तारीख अजून चौकटीत घातली न्हाई मी. आन् घालणारबी न्हाई."