कडी लागली की दार वाजवायचं नाही

मी कडी बोलतेय. दाराच्या आतल्या अंगाला असते ती. बाहेरच्या कडीला कुलूप लागतं, तिचा तोरा मोठा. मला कोण विचारतो? पण आत शिरलेला माणूस दार लावून घेतल्यावर काय करतो, ते एकट्या मला दिसतं. मी जे पाहिलं ते पोटात ठेवून मला आता चैन पडत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला बसले आहे.

जन्म माझा पितळेचा. साच्यातून निघाले, कानशीखालून गेले, आणि कोयंड्याबरोबर एकाच पुडीत बांधली गेले. तेव्हापासून आमचा संसार. तो बोलत नाही आणि मी गप्प बसत नाही, म्हणून टिकलाय.

आम्ही आलो ते एका सुतारकामाच्या कारखान्यात. मोठे मिस्त्री, त्यांचे दोन मुलगे आणि थोरल्याची बायको, असा सगळा घरचाच कारभार. बायको पॉलिशच्या खोलीच्या दाराशेजारी मशीन मांडून खुर्च्यांच्या गाद्या शिवायची. धाकटा तिला वहिनी म्हणतो, म्हणून मीही वहिनीच म्हणते. थोरल्याच्या हाताला मात्र तोड नव्हती. तो थट्टेखोरही होता. धाकट्यानं वाकडी फळी कापली की म्हणायचा, "अरे, फळी सरळच आहे, तू जरा तिरका उभा राहा."

मला पॉलिशच्या खोलीच्या दाराला बसवलं ते त्यानंच. दोन स्क्रूत भागलं असतं, त्यानं चार मारले आणि तेही लांब. "दार मोडेल, पण ही सुटायची नाही," असं म्हणून त्यानं माझ्यावरून अंगठा फिरवला. मी फुगले होते तेव्हा. आता त्या चार स्क्रूंची मला लाज वाटते.

त्या खोलीचा एक नियम होता, मोठ्या मिस्त्रींच्या वडिलांपासून चालत आलेला. कडी लागली की दार वाजवायचं नाही. ओल्या पॉलिशवर भुशाचा एक कण बसला तरी आठ दिवसांची मेहनत मातीत जाते. त्यामुळे कडी लागली की हाका बंद. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं तरी त्याला चहा पाजून बसवायचे, पण दाराला हात लावायचे नाहीत. नियम चांगलाच होता. त्याच्या आड कुणी लपेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

आधी थोरल्याची थट्टा बंद झाली. मग मापं चुकायला लागली. दोनदा मोजून एकदा कापणारा माणूस, त्यानं एका कपाटाची दोन्ही दारं इंचभर आखूड कापली आणि तशीच बघत उभा राहिला. झोप नाही, जेवणावर वासना नाही. डबा आणला तसा परत जायचा. दाढी वाढली, सदरा चार-चार दिवस तोच.

घरच्यांनी उपाय केले नाहीत असं नाही. मोठे मिस्त्री म्हणाले, "काम कमी पडतंय, म्हणून डोकं फिरतंय," आणि दुप्पट काम दिलं. त्यानं फरक पडेना तेव्हा म्हणाले, "काम जास्त झालंय," आणि आठ दिवस घरी बसवलं. मावशी येऊन चार गोष्टी सुनावून गेली, "तुला काय कमी आहे रे? बायको गुणाची, हातात कला, अजून काय पाहिजे?" तो मान हलवत राहिला. आपल्याला काही कमी नाही हे त्याला ठाऊक होतंच, आणि त्याचीच त्याला जास्त शरम वाटत होती. हे मला माहीत आहे, कारण मावशी गेल्यावर तो माझ्याकडे आला.

कडी लागली. आत पॉलिशला काहीच नव्हतं. सामान टेकवायच्या रिकाम्या लाकडी घोड्या आणि एक उलटा डबा. डब्यावर बसून तो हाताच्या तळव्यांकडे बघत राहिला, दोन तास. रडला असता तरी मला बरं वाटलं असतं.

मग रोजच सुरू झालं. वहिनीनं एकदा विषय काढला, "एकदा डॉक्टरांना दाखवू या का? मनाच्या?"

मोठे मिस्त्री चिडले नाहीत, हसले. "सूनबाई, ओलं लाकूड आहे ते. घाई केली की तडकतं. सुकू दे जरा." लाकडातलं त्यांना सगळं कळत होतं, त्यामुळे माणसातलंही कळतं असं सगळे धरून चालले होते. वहिनीनं परत मशीन सुरू केलं. थोरला आत सुकत होता हे खरं, पण ते सुकणं वेगळं होतं. मी जिवाच्या आकांतानं ओरडावं असं मला वाटे. पण कडीला आवाज एकच, तोही कुणी उघडली तर.

त्या खोलीत तो काय काय बोलला, कुठल्या कोपऱ्याकडे बघत बसायचा, ते मी सांगणार नाही. ऐकून कुणाचं भलं व्हायचं नाही. एवढंच सांगते, की आधी तो "सुटका" म्हणायचा, नंतर नंतर "सोमवार" म्हणायला लागला. वार ठरल्यावर माझ्या पितळेला काटा आला.

आणि काय गंमत बघा, वार ठरला तसा थोरला बरा दिसायला लागला! दाढी केली. पोटभर जेवला. धाकट्याची पाठ थोपटली. मोठे मिस्त्री सगळ्यांना सांगत सुटले, "बघा, म्हटलं नव्हतं? आला गडी वळणावर." वहिनी मशीनवर गुणगुणली. सगळ्या कारखान्याला हायसं वाटलं. एकटी मीच घाबरले होते.

सोमवारी दुपारी जेवणं झाली. थोरला उठला, आत आला आणि मला लावलं. हात अगदी शांत होता, त्याला घामही नव्हता.

बाहेर धाकटा रंधा मारत होता. वहिनीनं सहज मान वर केली. "हा रंधा तुमच्या दादाचा ना?"

"हो. सकाळी दिला मला. कायमचा म्हणाला. पटाश्याही दिल्या, तेल लावून फडक्यात बांधून."

वहिनीचं मशीन थांबलं. सुतार आपला रंधा सख्ख्या भावाला उसना देत नाही, तर देऊन टाकणं दूरच. तिनं आठ वर्षं त्या माणसाला रंध्यावरून भांडताना पाहिलं होतं. ती उठली आणि दारापाशी आली. मग तिनं दार वाजवलं. कडी लागलेली असताना त्या दाराला हात लागला तो जन्मात पहिल्यांदा.

"सूनबाई!" मोठे मिस्त्री ओरडले. "धूळ बसेल!"

"बसू दे," वहिनी म्हणाली. "अहो, दार उघडा."

"पॉलिश ओलं आहे," आतून आवाज आला.

"वास कुठाय पॉलिशचा? मी दाराला लागून बसते. महिना झाला, मला वास आलेला नाही. आणि मी गाढवासारखी शिवत बसले." तिनं दोन्ही तळवे दारावर टेकले. "सरळ विचारते. जीव द्यायचं मनात आहे का तुमच्या?"

"अगं, असं अभद्र काय बोलतेस?" मोठे मिस्त्री पुढे धावले. "नसलेलं डोक्यात घालशील त्याच्या!"

नसलेलं! मी त्याच्या शेजारी महिनाभर काढला होता. डोक्यात दुसरं काही उरलंच नव्हतं. उलट तो शब्द बाहेरून आत आला तेव्हा थोरला डब्यावरून उठला. आपण एकट्यानं उचललेलं ओझं दुसऱ्या कुणाला दिसलं, असा त्याचा चेहरा झाला. तो माझ्यापाशी आला. हात आता घामानं भिजला होता. कितीतरी वेळ तो मला धरून उभा राहिला. वर उचलेना, सोडेना. पलीकडून वहिनी म्हणत होती, "मी इथंच आहे. उठणार नाही. तुम्ही उघडेपर्यंत इथंच आहे."

"हो," तो म्हणाला. इतकं हळू, की आधी मलाच ऐकू आलं. मग त्यानं मला उचललं.

पुढचं मी दारावरूनच ऐकलं. धाकटा गाडी आणायला पळाला. मोठे मिस्त्री मात्र वाटेत उभे. "आज राहू दे. उद्या सकाळी शांतपणे बघू. चार लोकांत बोभाटा नको."

वहिनी म्हणाली, "बाबा, तुमचं बोट करवतीत गेलं होतं तेव्हा आपण उद्यावर टाकलं होतं का?"

मिस्त्रींनी आपल्या अर्ध्या बोटाकडे बघितलं. त्यांनी चपला घातल्या आणि सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसले.

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते धाकट्यानं नंतर दादाच्या जागी मदतीला ठेवलेल्या कामगाराला सांगितलं, तेव्हा मी कान देऊन ऐकलं. झोप, भूक, काम, माणसांत वावरणं, यांतलं काही दोन आठवडे बिघडलेलं राहिलं की यायचं, घरगुती उपायांच्या भरवशावर राहायचं नाही. आणि कुणी मरणाची भाषा केली, किंवा जिवापाड जपलेल्या वस्तू वाटायला लागला, तर त्याच दिवशी, त्याच पावली यायचं, आणि तोवर त्याला एकटं सोडायचं नाही. मोठे मिस्त्री हे ऐकत दुसऱ्या टोकाला लाकूड घासत होते. घासायचं काही शिल्लक नव्हतं, तरी घासत होते.

थोरला काही दिवस दवाखान्यात राहिला. आता गोळ्या चालू आहेत, आठवड्यातून एकदा बोलायला जातो. सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. अजूनही काही दिवशी तो नुसता भुसा लोटत बसतो. पण "आज बरं नाही" एवढं तोंडानं सांगतो. पाच महिन्यांनी एकदा त्यानं स्वतःच पेचकस घेतला आणि मला काढायला बसला. चार लांब स्क्रू! अर्धा तास लागला. शेवटचा निघाला तेव्हा वहिनी शेजारी उभी होती.  त्या दाराला आता धुळीसाठी जाड पडदा आहे.

मी सध्या कागदात गुंडाळून फळीवर पडले आहे. काल एक गिऱ्हाईक आलं होतं. घरातली एक खोली नव्यानं करताहेत, तिच्या दाराला आतून मजबूत कडी हवी म्हणे. धाकट्यानं मलाच दाखवलं. "ही घ्या. सुटायची नाही."

उद्या मी तिथं जाईन. त्या खोलीत कोण राहणार, मला ठाऊक नाही. तिथं मला लावणारा हात कुणाचा असेल, तेही ठाऊक नाही. तो हात शांत असला तरी मी घट्ट बसेन, कारण मला तेवढंच येतं. मी तुम्हाला हाक मारू शकत नाही. दार तुम्ही वाजवा.