रॉडनी गॅरूडची एकोणिसावी शर्यत

"घड्याळ हातात घेऊ नकोस, पोरी," मिसेस ट्रस्कॉट म्हणाल्या होत्या. "जिच्या हाती घड्याळ, तिला सगळं सगळ्यांच्या आधी कळतं. आणि आधी कळण्यासारखं दुखणं नाही दुसरं."

बेरिल हसली होती. मिसेस ट्रस्कॉटनी लढाईच्या आधी बारा वर्षं शर्यतीत नवऱ्याच्या गाडीच्या फेऱ्या मोजल्या होत्या, पण त्या बोटांवर मोजणाऱ्या बाई. बेरिल लंडनच्या कॉलेजात तीन वर्षं गणित शिकलेली. ती म्हणाली, "मला आधी कळलेलंच आवडतं," आणि घडीच्या स्टुलावर जाऊन बसली. मांडीवर फळी, फळीला चिमट्याने लावलेली दोन घड्याळं आणि कानामागे पेन्सिल.

तिकडची रीतच तशी होती. पुरुषांनी गाडी चालवायची, पुरुषांनीच पान्याने नट आवळायचे, आणि वेळ राखायची ती बायकांनी. पिटमध्ये, म्हणजे रस्त्याकडेला गाड्या आत घ्यायच्या जागी, ओळीने स्टुलं मांडलेली असत आणि त्यांवर डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका. फेरी संपली की बटण दाबायचं, आकडा लिहायचा आणि चालकाला दाखवायच्या पाटीवर काय लावायचं ते सांगायचं. तिच्या नवऱ्याने, रॉडनीने, पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं, "आत बसलं की मला कानाने ऐकू येत नाही आणि डोक्याने सुचत नाही. पाटी म्हणजे तू. पाटीवर दिसेल ते मी करणार. का म्हणून विचारणार नाही."

एरवी हा रॉडनी म्हणजे उंच, पोक काढून चालणारा, वडिलांच्या गॅरेजात ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारा माणूस. दारातून जाताना चौकटीला खांदा आपटायचा. गावातल्या नाचात त्याने बेरिलचा पाय इतक्यांदा तुडवला होता की तिने दया येऊन होकार दिला, असं ती सांगे. त्याने आणि म्हाताऱ्या विल्फ कॅचपोलने मागच्या शेडमध्ये मोटरसायकलचं इंजिन बसवून एक हडकुळी गाडी बनवली. लढाईतली विमानं गेल्यावर मोकळ्या पडलेल्या थॉर्नी मिअरच्या धावपट्ट्यांवर ती पळवायला नेली, तेव्हा बेरिलला वाटलं होतं, हौस आहे, फिटेल.

त्या दिवशी पहिल्या फेरीला घड्याळ म्हणालं, एक मिनिट चव्वेचाळीस पूर्णांक दोन सेकंद. दुसऱ्या फेरीला, एक चव्वेचाळीस पूर्णांक दोन. तिसऱ्या फेरीलाही तेच. बेरिलने घड्याळ कानाला लावलं, हलवून पाहिलं.

"घड्याळ नाही बिघडलेलं, बाईसाहेब," विल्फ म्हणाला. त्याने टोपी काढून हातात धरली होती, चर्चमध्ये धरतात तशी. "नवरा बिघडलाय तुमचा. चाळीस वर्षं इंजिनं बघतोय मी. असं कधी बघितलं नाही."

चौकटीला धडकणारा तो माणूस तिथे नव्हताच. गाडी वळणात शिरायची ती पाण्यात मासा वळावा तशी, कुठे झटका नाही, कुठे घाई नाही. बाकीचे झगडताना दिसत. हा नुसता जाताना दिसे. पावसात तर बघायला नको. एकदा जोराची सर आली, सगळे दहा-दहा सेकंदांनी मंदावले आणि रॉडनी दोनच सेकंदांनी. तेव्हा पलीकडच्या स्टुलांवरच्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांची घड्याळं थांबवली आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. बेरिलच्या अंगावर काटा आला. आपल्या घरात, आपल्या टेबलावर रोज सकाळी अंडं फोडून खाणारा माणूस, आणि त्याच्यात हे कुठून आलं? विचारलं तर तो लाजून म्हणे, "रस्ता दिसतो गं मला. बाकी काय?"

चौदा महिन्यांत अठरा शर्यती झाल्या. त्यांतल्या सात त्याने जिंकल्या. लंडनच्या एका मोठ्या मोटार-कारखान्याने पत्र पाठवलं: सप्टेंबरची थॉर्नी मिअरची शर्यत आमचा माणूस बघायला येईल, मग पुढच्या मोसमाचं बोलू.

त्याआधी, जुलैत, पुढच्या गाडीच्या चाकाने एक खडा उडवला होता. रॉडनीच्या चष्म्याची डावी काच फुटली. आठवडाभर डोळ्याला पट्टी होती. मग ती निघाली आणि तो म्हणाला, "झालं, लख्ख दिसतंय." बेरिलने विश्वास ठेवला. घरात आठ महिन्यांची रोझलिंड होती, तिला दात येत होते. एकदा रॉडनीने चहा कपाशेजारी मेजपोशावर ओतला. तो मुलीला नेहमी उजव्या खांद्यावर घेऊ लागला. हे सगळं बेरिलने पाहिलं होतं. पाहणं हा तिचा स्वभावच. पण पाहिलेल्याची बेरीज करायला सवड झाली नव्हती.

सप्टेंबरात शर्यतीआधी क्लबच्या तंबूत मेजर पिंचबेकांनी रिवाजाप्रमाणे चालकांचे डोळे तपासले. रॉडनीने तक्ता खालच्या ओळीपर्यंत धडाधड वाचला आणि बाहेर येऊन माशाच्या चटणीचं सँडविच खाल्लं. रोझलिंड मागे व्हॅनमध्ये टोपलीत झोपली होती. वीस फेऱ्यांची शर्यत सुरू झाली.

पाचव्या फेरीला तो पहिला होता. नवव्या फेरीला बेरिलने आकडे लिहिले आणि पेन्सिल थांबली. एका घड्याळावर ती पूर्ण फेरी मोजे आणि दुसऱ्यावर फक्त चर्चजवळचं वळण, तिथलं एकुलतं एक डावं वळण. पूर्ण फेरी एक एकेचाळीस पूर्णांक सहा. इतकी वेगवान फेरी त्या जागी कुणाचीच झाली नव्हती. पण चर्चच्या वळणाला तो जूनपेक्षा अर्धा सेकंद जास्त घेत होता. म्हणजे उरलेल्या सगळ्या रस्त्यावर तो हा अर्धा सेकंद भरून काढत होता, आणि वर आणखी. जिथे कमवायला काही उरलेलंच नव्हतं, तिथून कमवत होता. तिला क्षणभर त्याच्यापुढे हात जोडावेसे वाटले. आणि मग वाटलं, डाव्याच वळणाला का?

बाराव्या फेरीला उत्तर मिळालं. चर्चपाशी एक गाडी घसरून गवताच्या भाऱ्यांवर गेली. तिचा चालक उतरून ती ढकलू लागला. डावीकडचा निशाणवाला पिवळं निशाण जिवाच्या आकांताने हलवत होता. सपाट माळ तो, पिटमधून सगळं दिसत होतं. सगळ्यांनी वेग कमी केला. रॉडनीने केला नाही. ढकलणाऱ्या माणसाच्या पाठीपासून हातभर अंतराने तो तसाच निघून गेला.

"काय काळीज आहे!" लोक ओरडले. टोप्या उडाल्या.

काळीज नव्हे, बेरिलला कळलं. त्याने पाहिलंच नाही. चहा, उजवा खांदा, अर्धा सेकंद, निशाण: बेरीज एका क्षणात झाली.

"विल्फ, 'आत' लावा."

"काय?"

"पाटीवर. 'आत'."

"डोकं फिरलं का बाईसाहेब? नऊ सेकंद पुढे आहे तो! कारखान्याचा माणूस तिथे बसलाय, चिरूट विझलाय त्याचा तोंडात. तेल गळतंय का? चाक?"

"गाडीला काही नाही झालं."

"मग?"

"विल्फ, ती अक्षरं तुम्ही लावता की मी लावू?"

विल्फने लावली. एक अक्षर खाली पडलं, ते त्याने पुन्हा खुंटीवर अडकवलं. पाटी उंच धरली. रॉडनी समोरून गेला. हातमोज्याचं एक बोट वर झालं: दिसलं.

आता अख्खी एक फेरी. तो येईल का? बेरिलने असा प्रश्न कधी स्वतःला विचारला नव्हता. पुढच्या मोसमाचं सगळं आयुष्य उरलेल्या सात-आठ फेऱ्यांच्या पलीकडे उभं होतं, आणि कारण तर त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. शेजारच्या स्टुलावरची बाई म्हणाली, "अगं, काय केलंस हे?" बेरिलचं लक्ष नव्हतं. चर्चचं वळण तो पार करून आला. सरळ रस्त्याला लागला. आणि मग, लोकांचा गलका एकदम थांबला तेव्हा, गाडी हळू होत होत पिटमध्ये शिरली.

विल्फने इंजिन बंद केलं. रॉडनीने चष्मा कपाळावर सरकवला. "काय झालं? बेरिल कुठाय?"

बेरिल त्याच्या डाव्या खांद्याशी उभी होती. हात पुढे केला असता तर त्याच्या गालाला लागला असता.

विल्फने तिच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि पाटी हळूच जमिनीवर टेकवली.

"इथे आहे मी," ती म्हणाली.

रॉडनीने मान पूर्ण वळवली. मेजर पिंचबेक धावत आले होते, त्यांना विल्फने थोडक्यात सांगितलं, डाव्या डोळ्याने याला दिसत नाही. "शक्यच नाही!" मेजर लाल झाले. "मी स्वतः तपासलं! खालची ओळसुद्धा वाचली त्याने!"

"साहेब," विल्फ म्हणाला, "ती ओळ मलाही पाठ आहे. लढाई संपल्यापासून तोच तक्ता टांगलाय तुम्ही. इथली पोरं पाळण्यातली गाणी म्हणावीत तशी म्हणतात ती."

कुणी हसलं नाही. मेजर तंबूकडे परत गेले.

"शेवटची फेरी कितीची झाली?" रॉडनीने विचारलं.

"एक एकेचाळीस. बरोबर एक एकेचाळीस."

"येताना हळू केली होती मी. शेवटी."

"माहीत आहे."

एका डोळ्याने, आणि शेवटी हळू करून. असा माणूस पुन्हा होणार नाही, बेरिलच्या मनात आलं, आणि मीच त्याला खाली उतरवलं. त्याने हात दिला, ती त्याला गाडीतून उठायला मदत करू लागली. तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

याला आता सहा आठवडे झाले. रॉडनी गॅरेजात जातो, भाग विकतो, मुलीला मांडीवर घेऊन लापशी भरवतो. शर्यतीचं नावही काढत नाही. पण दुपारी तीन वाजले की टोपी घालून थॉर्नी मिअरकडे चालत सुटतो आणि काळोख पडायच्या आत परततो. आज धुकं इतकं आहे की समोरचं कुंपण दिसत नाही. बीटची खोदणी सुरू आहे, मळ्यातले ट्रक त्या जुन्या धावपट्ट्यांवरूनच ये-जा करतात. विल्फ बहिणीकडे गेलाय. रोझलिंडचा खोकला कुत्र्यासारखा भुंकतोय, तिला वाफ देणं सोडून बेरिलला उंबरा ओलांडता येत नाही. साडेचार वाजून गेले आहेत, काळोख पडला आहे.

ती पोरीला कडेवर घेऊन दारात उभी आहे आणि त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवते आहे. तुम्हीही त्याच वाटेने निघालात, म्हणून तुम्हालाही विचारते: "चर्चच्या वळणापर्यंत जाल का हो? आमचे हे तिकडे गेलेत, अजून आले नाहीत. उंच आहेत, पोक काढून चालतात. जवळ जाल तेव्हा त्यांच्या उजव्या अंगाने जा, आणि आधी हाक मारा. ते बरे आहेत ना, तेवढं बघा. आणि मला येऊन सांगा."