शिडीवरचा डावा पाय

मित्रांनो, मी एक जुना पाय आहे. डावा, गुडघ्याखालचा. हसू नका. पायाला डोकं नसतं, तरी माझं रोज फिरतं.

माझा माणूस रंगारी आहे. अपघातात त्याचा पाय गेला. मग गुडघ्याखाली उरलेल्या भागाचा प्लास्टरचा साचा घेऊन एका कारागिराने मला घडवलं. "रोज आतून पुसायचं, घाम राहू द्यायचा नाही," असं त्याने बजावलं. माझ्या माणसाने मान डोलावली, पण ती तेवढ्यापुरतीच. घरी आला की घामट मोजे माझ्यातच कोंबून तो मला दाराआड उभा करतो. पाहुणे आले की त्याची बायको माझ्यावर चादर टाकते. एका पाहुण्याने तर मला खुंटी समजून माझ्यावर छत्री अडकवली!

सुरुवातीला मी त्याला टोचायचो, हे मान्य. पण तोल त्याचा जायचा आणि शिव्या मात्र मला. तरी तो पुन्हा मला बांधून उठायचा. हळूहळू रस्ता, जिना, बस सगळं जमलं. मला त्याचा अभिमान वाटायचा, पण तो सांगणार कोणाला?

खरा वैताग आणला तो लोकांच्या कौतुकाने. शेजारचे काका त्याला वाटेत गाठायचे. "वा! काय जिद्द आहे तुझी!" अहो काका, तो दूध आणायला निघालाय, डोंगर उचलायला नाही! आणि कामावर? भिंतीवर छताखाली रंगाचा सरळ पट्टा ओढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण मुकादम त्याला बादलीजवळ बसवायचा. "तू आपला रंग कालव. शिडीचं नाव काढू नकोस. पडलास तर लोक मला काय म्हणतील?" हा दिवसभर बादलीत काठी फिरवायचा. त्याला फक्त शिडी परत हवी होती.

मग सुट्टीच्या दिवशी अंगणात सराव सुरू झाला. बायको शिडी धरायची.

"अहो, उतरा आता. पडाल ना!"

"अगं, चढलोय कुठे अजून?"

चढताना खरा पाय आधी, उतरताना मी आधी, एवढाच नियम. माझा घोटा वाकत नाही आणि मला पायरी जाणवत नाही. त्याने बघून मला ठेवायचं. पण जुनी सवय जाता जात नाही. उतरताना हा खरा पाय आधी सोडायचा, मी वरच्या पायरीवरून निसटायचो आणि दोघेही शिडीला लोंबकळायचो. किती वेळा सांगावं या माणसाला!

एके दिवशी पट्टा ओढणारा गडी आलाच नाही. मुकादम फोनवर बोलत असताना माझ्या माणसाने ब्रश उचलला आणि तो शिडी चढला. झालं! सगळे हातातली कामं टाकून शिडी धरायला धावले.

"सोडा रे! तुम्हाला कामं नाहीत का?" तो वरून ओरडला.

त्याने पट्टा पुरा केला. उतरताना खरा पाय खाली निघाला. माझा जीव टांगणीला लागला. पण तो थांबला, पाय मागे घेतला, खाली पाहिलं आणि मला नीट पायरीवर टेकवलं. तो जमिनीवर पोचताच गड्यांनी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या कसल्या वाजवताय?" मुकादम कडाडला. "तो कोपरा बघा! पट्टा वाकडा गेलाय. डोळे कुठे होते रे तुझे? चढ परत आणि नीट कर!"

माझ्या माणसाचा चेहरा असा उजळला की मी पाहतच राहिलो. तो पुन्हा चढला. या वेळी शिडी धरायला कोणी आलं नाही. संध्याकाळी उंबऱ्यातूनच त्याने बायकोला हाक मारली, "अगं ऐकलंस का? आज मुकादम माझ्यावर ओरडला!" आणि ती वेडी आनंदाने रडायला लागली.

मित्रांनो, आमच्या माणसांची काळजी जरूर घ्या. पण आधी त्यांना त्यांचं काम करू द्या, आणि ते वाकडं झालं तर तसं तोंडावर सांगा.