दाराखालचे चार फूट

"पायऱ्या कुठायत?" मी विचारलं.

वेननं ट्रकची शेवटची साखळी सोडवली आणि घाम पुसला. "पायऱ्या आमच्यात नसतात, बाई. घर आणायचं, खांबांवर बसवायचं, संपलं आमचं काम. कागदावर लिहिलंय की."

माझा भाऊ क्लेम मान वर करून दाराकडे बघत होता. त्याचं नवंकोरं घर अॅडलेडहून दोन ट्रकांवर, दोन तुकड्यांत आलं होतं आणि आता उतारावर ऐटीत उभं होतं. फक्त त्याचं दार जमिनीपासून चार फूट वर होतं. शनिवारी त्याच दारातून माझ्या वहिनीला, एव्हिसला, चाकांच्या खुर्चीतून आत न्यायचं होतं. आज बुधवार.

सात महिन्यांपूर्वी एव्हिसला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. जुन्या दगडी घराच्या बोळात खुर्ची वळत नव्हती, म्हणून क्लेमनं मेंढ्या विकून हे रुंद दारांचं तयार घर घेतलं. जुन्या कॅलेंडरच्या पानांमागे तो वरचा खर्च लिहायला बसला, तेव्हा मला वाटलं, चार ओळींत आटोपेल. कसलं काय! कौन्सिलची परवानगी, ट्रकांपुढे धावणाऱ्या इशाऱ्याच्या गाड्या, विजेचा खांब, सेप्टिक टँक, पावसाच्या पाण्याची टाकी, फाटक रुंद करायचं, वाटेतल्या दोन झाडांच्या फांद्या तोडायच्या. कॅलेंडरची पानं संपत आली. मजुरांच्या चहाबरोबरचा केकसुद्धा त्यानं लिहिला होता. दारापर्यंत चढायचं कसं, एवढंच राहिलं.

वेननं तेव्हाच सांगितलं होतं, आधी जमीन सपाट करून घ्या, आठ हजार डॉलर लागतील. क्लेम म्हणाला, "चाळीस वर्षं नांगरतोय ही जमीन. सपाटच आहे. उगाच पैसे उकळतात लेकाचे." नुसत्या डोळ्यानं मोजली माझ्या शहाण्यानं! शेडजवळची जागा खरोखर सपाट होती, पण तिथून रस्ता दिसत नाही. कुणाची गाडी कुणाकडे गेली हे एव्हिसला कळल्याशिवाय तिचा दिवस जात नाही.

त्यानं उभ्या उभ्या सुताराला फोन लावला. "सतरा मीटर? खुर्चीचा चढ एवढा लांब? ... अकरा हजार?" मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिला. "सहा आठवडे," फोन ठेवून तो मला म्हणाला.

"शिल्लक किती आहे?"

"सहाशे चाळीस."

"मग राहू दे तिला अजून सहा आठवडे तिकडं हॉस्पिटलात."

"तिची खाट दुसऱ्या कुणाला दिलीय, हेडी. आणि मी तिला सांगून बसलोय, शनिवारी म्हणून. डाव्या हाताच्या बोटांवर दिवस मोजते रोज." त्याचा आवाज चिरकला.

"मातीचा चढ करू," तो म्हणाला.

"माती घराला टेकवायची नाही हं," वेन ट्रकमधून ओरडला. "वाळवी लागेल. मग आमच्या नावानं खडे फोडू नका."

ट्रक गेले. क्लेम शेडकडे बघत उभा राहिला. शेडच्या भिंतीला तो लोखंडी चढ टेकलेला होता, मेंढ्यांना ट्रकमध्ये चढवायचा. जूनमध्ये मेंढ्या विकल्यापासून पडूनच होता. त्याच्या मनात काय आलं ते मला लगेच कळलं.

"क्लेम, बायको आहे ती तुझी! मेंढी नाही!"

"मग दुसरं काय सुचतंय तुला? सांग ना! सांग!"

माझा भाऊ माझ्यावर ओरडला, आयुष्यात पहिल्यांदा.

दोन दिवस त्यानं ट्रॅक्टरनं माती ओतली, दाबली. दोन फूट उंचीचा लांबलचक बांध घरापासून थोडा अलीकडेच थांबवला. त्यावरून दारापर्यंत तो लोखंडी चढ टाकला. तीनदा पाणी आणि ब्रश मारला तरी वास जाईना. शुक्रवारी दुपारी तो जुन्या घरात गेला आणि दिवाणखान्यातला मरून रंगाचा गालिचा खांद्यावर टाकून आणून त्यानं त्या चढावर अंथरला. त्या गालिच्यासाठी एव्हिस चर्चच्या पाळकसाहेबांनाही बूट काढायला लावायची.

शनिवारी एव्हिसला घेऊन हॉस्पिटलची गाडी आली. ड्रायव्हर चढाकडे बघून चाचरत म्हणाला, "हे... झेपेल का?"

"दिवसाला दोनशे मेंढ्या चढायच्या," मी बोलून गेले. क्लेमनं माझ्याकडे असं बघितलं की जीभ चावली मी.

खुर्ची बांधाच्या पायथ्याशी आणली. एव्हिसनं तो चढ ओळखला. न ओळखायला काय झालं, तीस वर्षं तिनंच त्यावरून मेंढ्या हाकल्या होत्या. मग तिची नजर गालिच्यावर गेली. तिनं डावा हात उचलला आणि जोरजोरात हलवला.

नको म्हणतेय, मला वाटलं. परत न्या म्हणतेय. क्लेमचा चेहरा पांढराफटक पडला.

"एव्हिस, थोडेच दिवस गं. चांगला करून घेतो मी. माझंच चुकलं, मला वाटलं सपाट आहे..."

ती मानेनं नाही म्हणाली. पुन्हा बोट दाखवलं, खाली. त्याच्या बुटांकडे. ते चिखलानं भरले होते.

क्लेम तिथंच बांधावर बसला. नाड्या सोडताना त्याला नीट दिसत नव्हतं, म्हणून एक गाठ मी सोडली. त्याच्या मोज्याला टाचेशी मोठं भोक होतं. सात महिने कोण शिवणार? मग मीही बूट काढले. ड्रायव्हर बिचारा आमच्याकडे बघत राहिला आणि त्यानंही काढले.

आम्ही तिघांनी तिला हळूहळू वर चढवलं. खाली मातीवर तीन जोड बूट ओळीनं राहिले.