गुरं चरलेले तीन तुकडे

माळावर कुंपण घालून बारा तुकडे पाडले होते. तीन तुकड्यांत दरवर्षी गवत पेटवायचं, तीनांत गुरं सोडायची, तीनांतली झाडं तोडायची आणि उरलेल्या तीनांना हातच लावायचा नाही. आठ वर्षांचा प्रयोग. दर हंगामात गुडघ्यांवर बसून कुठे किती जातींची रोपं आहेत ते मोजायचं काम माझं. गुरं माझ्या मामांची.

मामा आधी तयार नव्हते. प्रयोगाच्या नावाखाली चराई बंद करतील, ही त्यांची धास्ती. प्रयोग चालवणाऱ्या मॅडम स्वतः घरी येऊन बसल्या. आकडे सांगतील तेच लिहीन, म्हणाल्या. मीही गळ घातली, आणि माझ्या शब्दाखातर मामा कबूल झाले.

आकडे मामांच्याच बाजूने निघाले. हात न लावलेल्या तुकड्यांत झुडपं माजली, एकच उंच गवत पसरलं आणि त्याखाली बुटकी फुलझाडं गुदमरून गेली. झाडं तोडली तिथे दोन वर्षं बहर आला, मग नुसते काटेरी फुटवे. जाळलेल्या तुकड्यांत बरंच काही टिकलं, पण सगळ्यांत जास्त जाती गुरं चरली तिथे. हे ऐकून मामा हसले. एवढ्यासाठी आठ वर्षं कशाला, मला विचारायचं, म्हणाले.

अहवाल आला तो मी ऑफिसात उभ्याउभ्याच वाचला. जाळलेले तुकडे होते, तोडलेले होते. हात न लावलेल्या तुकड्यांतल्या गवताची उंची ठळक छापली होती. चराईचे तीन तुकडे कुठेच नव्हते. शेवटी शिफारस होती, माळ गुरांना पूर्ण बंद करावा. मोजणी करणारी म्हणून खाली माझं नाव.

मी मॅडमच्या खोलीत गेले. प्रयोगाला पैसे देणाऱ्या खात्याला माळ बंदच करायचा होता, त्यांनी शांतपणे सांगितलं. तसं लिहिलं नसतं तर पुढचं काम मिळालं नसतं.

"ते तुकडे पुढच्या अहवालात घेऊ," त्या म्हणाल्या.

"तोवर मामांनी गुरं कुठे न्यायची?"

त्या टेबलावरचे कागद सारखे करत राहिल्या.

संध्याकाळी मोजणीच्या वह्या घेऊन मामांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी एकही वही उघडली नाही.

"त्यावर नाव तुझंच आहे ना?"

"आहे."

"मग मला काय दाखवतेस?"

मी राजीनामा दिला. चराईचे आकडे खात्याला पाठवले आणि अहवालावरून माझं नाव काढायला सांगितलं. नाव काढलं. बंदी राहिली. मामांनी निम्मी गुरं विकली.

मामी अजून बोलते. मामा मात्र मी दारात दिसले की गोठ्यात जातात, आणि मी निघेपर्यंत बाहेर येत नाहीत.