रस्त्याच्या या बाजूचं शहर

सहलीच्या पहिल्याच दिवशी आमच्या ह्यांनी मला अर्धं शहर दाखवलं, अशी माझी दुपारपर्यंत समजूत होती.

सकाळी हॉटेलातून निघताना ह्यांनी नकाशा घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "तू फक्त माझ्यामागून चल." आयुष्यभर वाहतूक पोलीस म्हणून चौकात उभा राहिलेला माणूस. त्याच्यामागून चालायला मला कसली अडचण? आम्ही डावीकडे वळलो. इमारतीला इमारत खेटलेली, प्रत्येक खिडकीबाहेर वाळत घातलेले कपडे, खाली बोळकांड्यांएवढी दुकानं. पाट्यांवरचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण दुकानं बघायला अक्षरं कशाला लागतात? एक किल्लीवाला कानस घासत बसला होता. पुढे काचेच्या टाक्यांत रंगीत मासे, त्याच्यापुढे जिन्याखाली न्हावी. मग आम्ही परत डावीकडे वळलो. थोडं चाललो, परत डावीकडे. मी आपली बघत, बोटं दाखवत, खूश.

बऱ्याच वेळाने आणखी एक किल्लीवाला लागला. "इथे किल्ल्यांचा धंदा जोरात दिसतोय," मी म्हटलं. हे म्हणाले, "मोठं शहर आहे, कुलपंही जास्त." पटलं मला. पुढे परत मासे, परत न्हावी. तिसरा किल्लीवाला तर माझ्याकडे बघून हसला. परक्या मुलखात माणूस हसला म्हणून मीही मान डोलावली. चौथ्याने हात हलवला. तेव्हा मात्र मी थांबले आणि त्याच्याकडे नीट बघितलं.

"अहो, ह्या किल्लीवाल्याला जुळी भावंडं आहेत का?"

"असतील."

"सगळ्यांच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं?"

हे माशांकडे बघायला लागले.

घाण्याच्या बैलासारखं हे मला इमारतींच्या एकाच चौकोनाभोवती फिरवत होते. कारण उघड होतं. डावीकडे वळत राहिलं की रस्ता ओलांडावा लागत नाही.

हे कारण जगात दोघांनाच माहीत होतं, एक मी आणि दुसरे हे. आणि आमचं त्यावर कधी बोलणं झालं नव्हतं. निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना ह्यांना भर चौकात टेम्पोने उडवलं. हाड जुळलं, काठी सुटली, डॉक्टर म्हणाले पळा आता. पण त्या दिवसापासून ह्यांनी एकही रस्ता पायी ओलांडलेला नाही. विचारलं की गुडघा. आमची लेक समोरच्याच इमारतीत राहते. तिच्याकडे जायला आम्ही दोघं रिक्षा करतो, पुढच्या चौकातून वळसा घालून तिच्या दारात उतरतो. नाक्यावरचे रिक्षावाले आता हसतही नाहीत, त्यांना सवय झाली. मी काही बोलले नाही. गल्लीत सगळे ह्यांना हवालदारसाहेब म्हणतात. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण आता शाळा सुरू झाली की लेक कामावर परत जाणार आणि नातीला बालवाडीत सोडायचं. बालवाडी हमरस्त्याच्या पलीकडे. ह्यांनी सगळ्यांसमोर छाती पुढे काढून सांगितलं होतं, "माझ्या नातीला मी नेणार." लेकीने त्या भरवशावर रुजू होण्याची तारीखही कळवून टाकली. ह्यांना जमणार नसेल तर तिला नोकरी सोडावी लागेल, आणि ते ती आम्हाला बोलून दाखवणार नाही, एवढी ती शहाणी आहे. म्हणून मी ही सहल काढली. मौजमजेसाठी नाही. जिथे कोणी ह्यांना ओळखत नाही आणि जिथे रस्ता ओलांडल्याशिवाय काहीच बघता येत नाही, असं शहर मी मुद्दाम निवडलं होतं. तिथेही ह्या माणसाने पळवाट काढली.

"चला," मी म्हटलं, "जुना बाजार पलीकडे आहे. नदी पलीकडे आहे. इकडे आता बघण्यासारखं फक्त न्हाव्याचं टक्कल राहिलंय."

"गुडघा दुखतोय."

"गुडघ्याने सकाळपासून चार फेऱ्या मारल्या तेव्हा नाही दुखला तो?"

हे फुटपाथवरच्या पायरीवर बसले. समोर स्कूटरींचा नुसता लोंढा. सिग्नल होता, पण त्याचं ऐकायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतं. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"भीती वाटते गं," ते म्हणाले. "पाय खाली टाकला की कानात टेम्पो येतो. रस्ता रिकामा असला तरी येतो."

मला इतकं वाईट वाटलं की राग आला. माझं तसंच आहे, वाईट वाटलं की आधी राग येतो.

"मग घाबरा की," मी म्हटलं. "इथे तुम्हाला कोण ओळखतंय? मनसोक्त घाबरा. पण घाबरत घाबरत पलीकडे चला."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग उठले. मी त्यांचा दंड धरला. पहिल्या वेळी पाय खाली टाकला आणि वीज लागल्यासारखा मागे घेतला. दुसऱ्या वेळी दोन पावलं गेलो आणि परत आलो. किल्लीवाल्याने कानस खाली ठेवली आणि आमच्याकडेच बघत बसला. तिसऱ्या वेळी मी मागे यायला नकार दिला. एका ठिकाणी हे थिजले, स्कूटरी दोन्ही बाजूंनी वाहायला लागल्या, कोणीतरी हॉर्न वाजवला. मी दंड ओढला. हे पुटपुटले, "आत्ता नाही... ती निळी जाऊ दे... आता." आणि आम्ही निघालो. पलीकडच्या फुटपाथवर पाय टेकला तेव्हा ह्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"झालं," मी म्हटलं. मला नाचावंसं वाटत होतं. "चला, बाजार बघू."

"थांब," हे म्हणाले. श्वास लागला होता, पण आवाज जुना होता, चौकातला. "तू मला ओढून आणलंस. उद्या पोरीचा हात माझ्या हातात असेल. तेव्हा मला कोण ओढणार? ती?"

"अहो, हळूहळू जमेल. आज एवढं पुरे."

"पुरे नाही. मी एकटा जाऊन येतो."

मी हात धरायला गेले तर त्यांनी तो सोडवून घेतला. रागाने नाही, पण सोडवला. काठावर उभे राहिले. बराच वेळ. मग उतरले. ह्यांची पाठ अशी लांब जाताना मी आधी कधी बघितली नव्हती. मध्यावर ते थांबले. खांदे वर गेले, खाली आले. मग तेच पाऊल, ना भरभर ना हळू, आणि ते त्या स्कूटरींमधून पार निघून गेले. किल्लीवाल्याने त्यांना स्टूल दिलं. हे बसले, घाम पुसला आणि मला हात केला. ये, म्हणून.

मला रडू आलं आणि हसूही आलं. पदराने डोळे पुसले आणि निघाले. पाय खाली टाकला. एक स्कूटर समोरून सुसाट गेली आणि मी परत वर. पुन्हा टाकला. पुन्हा वर. थोडी पुढे सरकून दुसरीकडून बघितलं. कुठल्या गाडीकडे बघायचं, कुठली आपल्यासाठी थांबेल, पाऊल टाकायचं कधी, मला काही म्हणजे काहीच कळेना. आणि मग लक्षात आलं की मला हे कधीच येत नव्हतं. लग्न झाल्यापासून मी ह्यांचा दंड धरून पलीकडे जात आले. त्याआधी वडिलांचा. अपघातानंतर रिक्षा. मगाशीसुद्धा, ज्या ओलांडण्याचा मला एवढा गर्व झाला होता, त्यात ओढलं मी होतं, पण रस्ता ह्यांनीच बघितला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते दुसरं काय असतं?

मला वाटलं, आता हे येतील घ्यायला. नेहमी येतात. हे उठून उभे राहिले, दोन पावलं पुढे आले, आणि थांबले. माझा फोन वाजला, ह्यांचाच.

"काय झालं?"

"काही नाही." मग म्हटलं, आज खोटं बोलायचा दिवस नाही. "भीती वाटतेय मला. मला येतच नाही हे."

पलीकडे हे हसले नाहीत. मला दिसत होते.

"मी येऊ का घ्यायला?"

होय म्हणायला तोंड उघडलं होतं. पण नातीला ताप आला तर, हे आजारी पडले तर, कधी हे नसलेच तर, त्या पोरीचा हात कोणाच्या हातात असणार?

"नको," मी म्हटलं. "कुठल्या गाडीकडे बघायचं ते सांगा."

"गाडीकडे नाही, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे बघ. त्याने तुला बघितलं की चालायला लाग, आणि मध्ये वेग बदलू नकोस. घाई नाही. मी इथेच आहे."

"बरं. बोलत राहा, फोन चालूच ठेवते."

"अजिबात नाही," हवालदारसाहेब गरजले. "फोन कानाला लावून रस्ता ओलांडतात का? ठेव तो."

मी फोन पर्समध्ये टाकला. समोरून हेल्मेट घातलेली एक बाई येत होती, मागे भाजीच्या पिशव्या बांधलेल्या. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. आणि कोणाचाही दंड न धरता मी रस्त्यावर उतरले.